साहेबांनी शेगडी पेटवली

शेगडीवरची कोंबडी इतका वेळ झाला तरी गोरीपानच होती. माईंनी चिमट्याने तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवली, दुखणेकऱ्याला वळवावं तशी, आणि कंबरेत वाकून जाळ पाहिला. जाळ कसला, नुसते निळे टिपके. फुंकर मारायचीही गरज नव्हती, जोरात बोललं तरी विझले असते.

"फिटर," माई हळूच म्हणाल्या, "कोंबडी शिजायला ठेवली आहेस की ऊब घ्यायला बसवली आहेस?"

फिटर म्हणजे त्यांचा मुलगा. पाण्याच्या नळांची न् पाइपांची कामं करायचा म्हणून सगळे त्याला फिटर म्हणत, आणि लोकांचं ऐकून ऐकून जन्मदात्या आईच्या तोंडीही तेच बसलं होतं.

"गॅस येतोय माई. जरा दम धर."

"मी धरते रे. ते धरतील का?"

'ते' म्हणजे साहेब. ट्रेलरच्या कापडी छताखाली घडीच्या खुर्चीत ते बसले होते. अख्खी नोकरी अग्निशमन दलात गेलेली, आता निवृत्त. मिशा अशा भरदार की बोलताना आधी मिशा हलायच्या, मग शब्द यायचे. शेजारी त्यांची बायको, काकू. आणि बटाटे सोलत बसलेली त्यांची मुलगी, इस्पितळात नर्स. नर्सचं आणि फिटरचं आपसात सगळं ठरलं होतं. काकूंची ना नव्हती, माईंना तर घाईच झाली होती. घोडं अडलं होतं ते साहेबांपाशी.

फिटरचं काम आज या गावाला, उद्या त्या गावाला. म्हणून त्याने मोटारीमागे ओढायचा हा जुना ट्रेलर विकत घेतला होता. चाकांवरचं घरच ते. आत पलंग, चूल, बेसिन, आणि पुढच्या दांड्यावर गॅसच्या दोन टाक्या, एक चालू न् एक राखीव. लग्नानंतर दोघं त्यातच संसार थाटणार होती. ते ऐकून साहेबांच्या मिशा ताठ झाल्या होत्या. "माझी मुलगी गॅसच्या टाक्या उशाला घेऊन झोपणार? निष्काळजी माणसाच्या हातात मी मुलगी देत नसतो. आधी येऊन बघेन. दिवसभर बघेन. मग हो की नाही ते सांगेन."

तो दिवस आजचा. नदीकाठच्या मैदानात ट्रेलर उभा होता, आजूबाजूला आणखी लोकांचे ट्रेलर होते, आणि साहेब सकाळपासून प्रत्येक फटीत नाक घालून वास घेत होते. दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. पलंगाखाली बॅटरी मारली. कुठेच काही सापडलं नाही. चूक सापडत नाही म्हणून माणूस इतका हिरमुसला होतो, हे माईंनी पहिल्यांदाच पाहिलं. आणि आता जेवणाच्या वेळेला ही शेगडी त्यांच्या हातात आयती चूक देऊ पाहत होती.

"पेटायची नाही ती," साहेब खुर्चीतून म्हणाले. आवाजात जरा गोडवाही आला होता. "मी बघताक्षणीच ओळखलं."

शेगडी फिटरने खास आजच्यासाठी नवी कोरी आणली होती. ट्रेलरमधल्या चुलीला जी नळी जाते, तिचाच एक फाटा बाहेर बाजूला काढलेला होता. त्या तोंडाला शेगडीची नळी खटकन बसवायची, की बाहेर बसून स्वयंपाक. बेत चांगला होता. नळी बसलीही खटकन. फक्त जाळ यायचा राहिला.

फिटर शेगडीपुढे उकिडवा बसला आणि त्याने नळी चाचपली. शेगडीच्या नळीच्या टोकाला एक गोल डबी होती, लहान बशीएवढी. ती पाहताच त्याचे डोळे चमकले.

"सापडलं! नळाला पाणी बारीक येतं ना, तेव्हा दहापैकी नऊ वेळा तोंडाची जाळी तुंबलेली असते. जाळी काढली की धो धो."

"अरे, ती जाळी नाही," नर्स म्हणाली. "रेग्युलेटर असेल तो."

"नाव काही असू दे. अडवतंय हेच." त्याने पाना लावला, डबी काढून खिशात टाकली, आपल्या पेटीतून एक पितळी जोड शोधला आणि नळी पुन्हा बाजूच्या तोंडाला बसवली. फिटरच्या पेटीत जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींना जोडायची सोय होती. माणसं सोडून, असं माई म्हणायच्या.

त्याने काडी लावली. शेगडीवर एका ओळीत छान निळा जाळ उभा राहिला. ना कमी, ना जास्त. कोंबडी चरचरली. वास सुटला. काकूंनी तर टाळीच वाजवली, आणि नवऱ्याकडे बघून तो हात पदराला पुसला.

इथे माईंनी गप्प बसायला हवं होतं. ते सगळ्यांना कळत होतं. माईंनाही कळत असावं. पण जीभ आपल्या गतीने पुढे गेली.

"साहेब, पेटली हो. तुम्हाला विचारायची राहिली बिचारी, म्हणून चुकून पेटली."

साहेबांच्या मिशा हलल्या, शब्द आले नाहीत. मग ते खुर्चीतून उठले आणि शेगडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पेटली म्हणजे बरोबर पेटली असं नव्हे. आतल्या चुलीच्या नळीवर बाहेरची शेगडी लावायची नसते. आत कुणी चहा ठेवला तर? गॅस वाटला जाणार. शेगडीला तिची स्वतःची टाकी हवी. सरळ टाकीवर. हीच खरी पद्धत."

"मग लावून दाखवा ना," माई म्हणाल्या. "बसून सांगायला काय, रेडिओसुद्धा सांगतो."

"माई!" फिटर आणि नर्स एकदमच म्हणाले. पण उशीर झाला होता. साहेबांनी बाह्या सरसावल्या. शेगडी विझवली, नळी काढली आणि कोंबडीसकट शेगडी उचलून ट्रेलरच्या पुढच्या टोकाला नेली, जिथे राखीव टाकी होती. छताच्या कापडाचा कोपरा तिथे डोक्यावर लोंबत होता.

"फिटर, टाकीला बसेल असा जोड दे."

"साहेब," फिटर चाचरला, "टाकीपाशी दाब जास्त असतो. म्हणजे, पाण्याचं तरी तसंच असतं."

"हे पाणी आहे का?"

"नाही."

"मग?"

होणाऱ्या सासऱ्याला दुसऱ्यांदा अडवायची फिटरची छाती झाली नाही. त्याने जोड काढून दिला.

"बाबा, ती डबी त्याच्या खिशातच राहिली आहे," नर्स म्हणाली. "ती लावायला नको का?"

"आत्ताच तिच्यावाचून पेटली ना? मग तिचं काय काम?"

"अहो," काकू कळवळून म्हणाल्या, "तुम्ही घरी कधी चहाचा गॅससुद्धा लावला नाही हो!"

"अगं, मी आगीत शिरलेला माणूस आहे!"

"शिरलात हो. पण लावली कुठे कधी?"

साहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी टाकीची तोटी उघडली. आता साध्या माणसाने ती जराशी उघडली असती. पण साहेबांचा जन्म बंबाच्या तोट्या उघडण्यात गेलेला, आणि तिथे तोटी उघडायची म्हणजे पुरती, दोन्ही हातांनी, शेवटपर्यंत. त्यांनी ती तशी उघडली. मग शेगडीचं बटणही तसंच फिरवलं. मग काडी ओढली.

आधी आवाज आला. 'भप्प'. कुणीतरी मोठी गादी छतावरून खाली टाकावी तसा.

मग शेगडी दिसेनाशी झाली. तिच्या जागी एक पिवळा खांब उभा होता, माणसापेक्षा उंच, आणि तो गुरगुरत होता. कोंबडी कुठे गेली ते कळलं नाही. काकूंच्या हातातलं ताट हातात तसंच राहिलं आणि त्यातल्या काकड्या एकेक करून खाली उतरल्या. नर्सच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता, तो तिने छातीशी कवटाळला. माईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. हा प्रकार त्यांना इतका नवा होता की आगीपेक्षा त्यांना त्याचीच भीती वाटली.

आणि साहेब? साहेब उलट्या पावलांनी थेट त्यांच्या खुर्चीपर्यंत आले, खुर्चीत बसले, पुन्हा उठले, आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "फायर ब्रिगेडला बोलवा! अरे, कुणीतरी फायर ब्रिगेडला बोलवा!"

"बोलावलं!" शेजारच्या ट्रेलरमधले गृहस्थ फोन हलवत ओरडले. त्यांनी तर पेटायच्या आधीच नंबर लावून ठेवला असावा.

एकटा फिटर मात्र आगीकडे बघतच नव्हता. पाइप फुटला की कसलेला फिटर पाण्याकडे बघत नाही, मेन बंद करायला धावतो. तो खाली वाकून टाकीशी पोचला आणि त्याने तोटी गरागरा फिरवली. खांब खाली बसला, लहान झाला, खोकला आणि गेला.

राहिला छताचा कोपरा. तो निवांत पेटला होता. माईंनी पाहुण्यांसाठी केलेल्या लिंबाच्या सरबताची बादली उचलली आणि भिरकावली. अर्धं सरबत कापडावर पडलं, आग विझली. अर्धं साहेबांवर पडलं. ते पेटलेले नव्हते, पण फारसा फरक दिसला नाही.

नर्स वडिलांकडे धावली. "बाबा, डोळे उघडा. माझ्याकडे बघा. आग होतेय का कुठे? हात दाखवा." तिने सगळं तपासलं, मान हलवली. "भाजलं नाही कुठे. फक्त…"

"फक्त काय?"

कुणीच सांगेना. साहेबांच्या दोन्ही भुवया गेल्या होत्या. मिशीची उजवी बाजू होती, डावी नव्हती. भुवया नसल्यामुळे त्यांचा चेहरा आपोआपच आश्चर्याने थक्क झाल्यासारखा दिसत होता, आणि ते खरोखर थक्क झालेले असल्यामुळे कुठलं थक्क कुठे संपतं ते समजत नव्हतं. शेवटी काकूंनी पर्समधून आरसा काढून त्यांच्या हातात दिला. साहेबांनी पाहिलं. आरसा परत दिला. मग पुन्हा मागून घेतला.

तेवढ्यात दूरवर भोंगा ऐकू आला.

साहेबांचा रंगच उडाला. "आमच्याच केंद्राची गाडी," ते पुटपुटले. "भोंग्यावरून ओळखतो मी. सगळी माझ्या हाताखालची पोरं. मी निवृत्त झालो तेव्हा रडली होती." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग फिटरचा हात धरला. "हे बघ. तू सांग, तू जोडलीस म्हणून. तुझा ट्रेलर, तुझी शेगडी. लोकांना पटेल."

"सांगतो की साहेब," फिटर भोळेपणाने म्हणाला.

"काही सांगायचं नाही!" नर्स उसळली. "बाबा, आज त्याने आपल्या डोक्यावर घ्यायचं, आणि उद्या तुम्ही म्हणणार, निष्काळजी आहे, मुलगी देत नाही!"

साहेबांनी फिटरचा हात सोडला. उद्या काय म्हणायचं ते त्यांनी बहुधा ठरवलंही होतं.

माईंचा आवाज परत आला होता. त्यांनी भोंग्याकडे कान दिला आणि मनात भराभर जुळवणी केली. फिटरवर ढकललं तर लग्न मोडलं. साहेबांवर ढकललं, हाताखालच्या पोरांपुढे त्यांची शोभा झाली, तर हा माणूस जन्मभर आपलं तोंड बघणार नाही, म्हणजे तेव्हाही लग्न मोडलं. मग उरलं कोण?

"साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात घरातली गोष्ट घराबाहेर जात नाही. कितीही मोठी असो."

"हो ना, हो ना," साहेब म्हणाले.

"पण त्यासाठी घर एक असावं लागतं."

भोंगा वळणावर आला. साहेबांनी मुलीकडे पाहिलं, फिटरकडे पाहिलं, जळलेल्या छताकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे? भोंग्यात ऐकू आलं नाही मला."

"घर एक आहे! झालं? दिली मुलगी! आता काहीतरी करा, विहीणबाई!"

काकूंनी ताट खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. लाल गाडी करकचून ब्रेक लावत येऊन उभी राहिली. चारपाच जवान नळी ओढत उतरले आणि विझलेल्या शेगडीपुढे येऊन थबकले. त्यांचा तरुण अधिकारी पुढे आला. त्याने शेगडी पाहिली, नळी पाहिली, टाकी पाहिली. त्याचा जबडाच खाली आला.

"टाकीवर थेट? मधे काही न लावता? हे कुणी केलं?"

"मी," माई म्हणाल्या.

फिटरच्या हातातला पाना खाली पडला.

"मी केलं," माई पुन्हा म्हणाल्या. "माझीच चूक. अडाणी बाई मी, मला काय कळतंय त्यातलं."

फिटर आईकडे बघतच राहिला. 'माझीच चूक' हे दोन शब्द त्या आवाजात त्याने कधी ऐकलेच नव्हते. आईला धुराने काही झालं असावं अशी शंका येऊन तो तिच्या कपाळाला हात लावायला निघाला होता, नर्सने त्याला मागे ओढला.

"बाई, तुमचं वय काय, तुम्ही करता काय!" अधिकारी भडकला. त्याने माईंना ट्रेलरच्या पायरीवर बसवलं आणि समोर उभा राहून सुरुवात केली. "टाकीतला गॅस भयंकर दाबाचा असतो. त्याला आवरायला रेग्युलेटर लागतो. टाकीवर थेट शेगडी लावायची तर मधे रेग्युलेटर हवाच. आणि हे बाजूचं तोंड आहे ना, तिथे गॅस आधीच आवरलेला येतो. तिथे पुन्हा रेग्युलेटर लावला तर गॅस दोनदा आवळला जातो, जाळ येतच नाही. तिथे शेगडीवरचा काढावा लागतो. कळलं? तिथे नको, इथे हवाच. म्हणून दाखवा."

"तिथे नको, इथे हवाच," माई म्हणाल्या.

"पुन्हा."

"तिथे नको, इथे हवाच." माईंचे कान लाल झाले होते, पण त्या बसल्या होत्या. बाजूला फिटरची छाती मात्र हळूहळू फुगत होती. आपण मघाशी केलं ते बरोबर होतं हे त्याला आत्ता कळत होतं, आणि ते बरोबर का होतं हेही आत्ताच कळत होतं.

मग अधिकाऱ्याची नजर खुर्चीकडे गेली. तो चरकला, ताठ झाला, त्याने सलाम ठोकला. "साहेब! तुम्ही इथे? आणि तुमच्या… तुमच्या भुवया?"

साहेबांनी तोंड उघडलं. उरलेली मिशी थरथरली.

"विझवताना गेल्या," पायरीवरून माई म्हणाल्या. "मला सांगत होते, ताई, हात लावू नका. मीच मेलीने ऐकलं नाही. मग काय, धावले बिचारे. आगीत हात घालून तोटी बंद केली. नाहीतर आज हा ट्रेलर दिसला नसता."

जवानांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "निवृत्त झाले तरी साहेब ते साहेबच," कुणीतरी मागून म्हणालं. अधिकाऱ्याने साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. मग त्यांना मधे उभं करून सगळ्यांनी फोटो काढले. साहेब प्रत्येक फोटोत थक्क होऊन बघत होते.

गाडी निघताना अधिकारी पुन्हा माईंपाशी थांबला. "बाई, साहेब होते म्हणून वाचलात. यापुढे त्यांना विचारल्याशिवाय काडीसुद्धा ओढायची नाही. समजलं?"

माईंनी ओठ घट्ट मिटले. काकूंनी, नर्सने, फिटरने, सगळ्यांनी श्वास रोखला. साहेब तर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"समजलं," माई म्हणाल्या.

गाडी गेली. धूळ खाली बसली. कोंबडी शेवटी ट्रेलरच्या चाकापाशी सापडली, बाहेरून कोळसा, आतून कच्ची. तेव्हा पडलेल्या काकड्या धुऊन ब्रेडबरोबर पानं मांडली. साहेबांनी पहिलं ताट उचललं आणि खाली मान घालून, दोन्ही हातांनी, माईंपुढे धरलं.

"विहीणबाई, घ्या."

माईंनी घेतलं. काकडीचा तुकडा तोंडात टाकला. फिटर हळूच त्यांच्याजवळ सरकला. त्याचा चेहरा अजून ठिकाणावर आला नव्हता.

"माई, तू एवढ्या लोकांसमोर सरळ चूक कबूल केलीस? तू?"

"मग काय झालं?" माई काकडी चावत म्हणाल्या. "माझी नव्हतीच ती. म्हणून तर करता आली."